किरकोळ बदल

तोक्योच्या तोएई शिन्जुकु मार्गावर दोन रुळांमधलं अंतर १३७२ मिलिमीटर आहे. हा आकडा कोणी विचारपूर्वक ठरवला असेल असं वाटत नाही. जपानच्या जुन्या रेल्वेचं माप १०६७, बुलेट ट्रेनचं १४३५. मग हे अधलंमधलं १३७२ आलं कुठून? तर घोड्यांकडून. १८८२ साली तोक्योत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तिच्या रुळांचं हे माप. १९०३ पासून घोडे गेले आणि वीज आली, माप मात्र राहिलं. पुढे केइओ या रेल्वे कंपनीने आपल्या गाड्या ट्रामच्या रुळांवरून शहरात नेता याव्यात म्हणून तेच माप उचललं. काही दशकांनी नवा भुयारी मार्ग बांधून तो केइओला जोडायचं ठरलं, तेव्हा सरकारने केइओला सुचवून पाहिलं, की जमल्यास तुमचे रूळ १४३५ करून घ्या. केइओचं म्हणणं, रोज एवढी माणसं नेतो-आणतो, गाड्या थांबवून रूळ सरकवायचे कधी? शेवटी कोरा करकरीत भुयारी मार्ग मेलेल्या घोड्यांच्या मापाने बांधला गेला. २१ डिसेंबर १९७८ ला त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. त्या टप्प्यात ओजिमा नावाचं एक स्टेशन होतं.

या स्टेशनावर रोज सकाळी गाडीत शिरणाऱ्यांमध्ये आज मराठी कानावर पडतं. सन २००० उजाडताच जगातले सगळे संगणक बंद पडणार, अशी हाकाटी झाली होती. ते बंद पडू नयेत म्हणून भारतातून माणसं मागवली गेली, आणि संगणक बंद पडले नाहीत तरी माणसं राहिली. काही शेजारच्या एदोगावा वॉर्डात निशी-कासाईला स्थिरावली, काही कोतो वॉर्डात ओजिमाच्या आसपास. एदोगावाच्या वॉर्ड सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला, तोही मूळचा संगणक आणि बँकांच्या कामातलाच. ओजिमाचं आकर्षण म्हणजे युआर या सरकारी गृहसंस्थेच्या उंच इमारती. तोक्योतला खासगी घरमालक भाडं घेतो, अनामत घेतो, आणि वर ‘किल्लीचे पैसे’ म्हणून महिना-दोन महिन्यांचं भाडं कायमचं घेतो. ही रक्कम म्हणजे घर दिल्याबद्दल घरमालकाला भाडेकरूने द्यायची भेट. शिवाय जामीनदार लागतो, तोही शक्यतो जपानी. युआरला किल्लीचे पैसे नकोत, दलाली नको, जामीनदार नको. आपल्या माणसाला आणखी काय हवं? एकाने घर घेतलं, त्याने दुसऱ्याला कळवलं, आणि पाहता पाहता लिफ्टमध्ये फोडणीचा वास येऊ लागला.

तर १३७२ मिलिमीटरवर उभी राहून कामाला निघालेली ही मंडळी दिवसभर काय करतात? त्यांतले बरेच जण एका परीने तेच करतात, जे त्या मार्गाच्या अभियंत्यांनी केलं. कोणीतरी कधीकाळी ठरवून गेलेल्या मापाला आपलं नवं काम जोडायचं आणि जोडताना जुनं काही मोडणार नाही हे पाहायचं. घोड्यांऐवजी तिथे शेअर्ड लायब्रऱ्या असतात, एवढाच फरक.

ही लायब्ररी म्हणजे नेमकं काय, हे घरच्यांना समजावणं हे या मंडळींचं दुसरं काम, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड. सांगली-साताऱ्याहून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेल्या आईला मुलाच्या धंद्याबद्दल एकच प्रश्न असतो, आणि तो ती पोळ्या लाटता लाटता विचारते.

“अरे, पण तू दिवसभर करतोस काय?”

“आई, हे बघ. या इमारतीत मराठी घरं समज दहा. प्रत्येकीने भारतातून पुरणयंत्र आणलं तर प्रत्येकीच्या तेवीस किलोंतले किलो-दीड किलो गेले. त्यापेक्षा एकीने आणायचं आणि सगळ्यांनी वापरायचं. ती शेअर्ड लायब्ररी.”

“आणि प्रत्येकीनं आपापलं आणलं तर?”

“ती स्टॅटिक. सामान जड होतं, पण कोणाच्या दारात जावं लागत नाही.”

आईने पोळी उलटली. “आणि ऐन होळीला यंत्रवालीच माहेरी गेली असली तर?”

मुलगा गप्प.

“बरं, मधल्या कोणी जाळी बदलून ठेवली तर? मोठ्या भोकांची? पुरणात डाळीची कणी राहायची आणि सगळ्यांच्या पोळ्या फुटायच्या. जिनं बदलली तिनं सांगायला नको? नुसतं ‘यंत्र परत केलं’ म्हणून भागतं होय?”

“तेच तर माझं काम आहे, आई.”

“मग त्याला एवढा पगार कशाला लागतो?”

आईने पाच मिनिटांत या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम संपवला. उरलेला निम्मा असा, की संगणकाला आईएवढीही समज नसते. प्रोग्रॅम तयार होताना लिंकर नावाचा एक गृहस्थ सगळे तुकडे एकत्र आणतो. कोणत्या तुकड्याला कोणाची मदत लागणार आहे, ती कोणत्या लायब्ररीत आहे, हे तो तपासतो. हा गृहस्थ डावीकडून उजवीकडे वाचतो आणि मागे वळून पाहत नाही. लायब्रऱ्यांची नावं आधी लिहिली आणि त्यांची गरज असणारा तुकडा नंतर, तर अनेकदा तो सरळ सांगतो की हे काम कोणी करतच नाही. लायब्ररी डोळ्यांसमोर असते, आत्ताच वाचून झालेली असते. पण तेव्हा कोणी मागितलं नव्हतं, आणि आता रांग पुढे गेली. सरकारी खिडकीशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हा स्वभाव ओळखीचा वाटेल.

हे पार पडलं तरी सुटका नाही, कारण जोडणी दोनदा होते. प्रोग्रॅम तयार करताना एकदा, आणि तो प्रत्यक्ष सुरू होताना पुन्हा. दुसऱ्या वेळी लोडर नावाचा दुसरा गृहस्थ येतो. पहिल्याने कुठे काय पाहिलं होतं याची तो फारशी फिकीर करत नाही, तो आपल्या ठरलेल्या जागीच शोधतो. तिथे नसेल तर ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही, अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ असं सांगून काम बंद करतो. फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये बसलेली असते. अभियंत्याला ती दिसते, त्याच्या साहेबाला दिसते, जिन्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल. फक्त लोडरला दिसत नाही. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे या धंद्यातलं सर्वांत जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य असावं, आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. त्यामुळेच तर ते इतकं निरुपयोगी आहे.

लिनक्सवर लायब्ररीच्या नावामागे आकडा असतो. तो शोभेसाठी नाही. तो शब्द आहे, वचन या अर्थी. आकडा तोच आहे तोवर आत काहीही सुधारा, बाहेरची मापं बदलणार नाहीत. मापं बदलायचीच असतील तर आकडा बदला. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीने असा आकडा बदलला. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू या लिनक्सची २२.०४ ही आवृत्ती आली ती ओपनएसएसएल ३ घेऊन, आणि १.१ घरातून गेली. त्या दिवशी ज्या प्रोग्रॅमांना १.१ च हवी होती ते जागीच बसले. नवी आवृत्ती अधिक चांगली आहे, अधिक सुरक्षित आहे, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. ती हाताशी होती, पण हवी ती नव्हती. नवा मुलगा कितीही गुणी असला तरी रेशन कार्डावर नाव जुन्याचंच असतं.

अशा पेचातून बाहेर पडायचे मार्ग दोनच, आणि तोक्योच्या रेल्वेने दोन्ही वापरून पाहिले आहेत. शिन्जुकु मार्गाने जुनं माप स्वीकारलं. त्याच्या वीस वर्षं आधी केइसेई या दुसऱ्या कंपनीपुढे तोच प्रश्न आला होता. तिचंही माप घोड्यांचं, १३७२, आणि तिला ज्या नव्या भुयारी मार्गाला जोडून घ्यायचं होतं त्याचं १४३५. केइसेईने १९५९ च्या शरदात आपलं सगळं जाळं टप्प्याटप्प्याने १४३५ वर नेलं. तेही जवळपास दोन महिन्यांत, प्रवासी वाहतूक सांभाळून. आज हनेदा आणि नारिता या दोन विमानतळांमध्ये थेट गाडी धावते ती या उपद्व्यापामुळे. सॉफ्टवेअरवाल्यांना केइसेईची गोष्ट सांगितली की ते हात जोडतात आणि केइओसारखं वागतात.

वचन पाळूनही गोंधळ होतो, हे तर आणखी गमतीचं. २०१० साली फेडोरा १४ या लिनक्सच्या आवृत्तीवर लोकांना ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेअरवरची गाणी खरखरत, कुरकुरत ऐकू येऊ लागली. स्पीकर झाला, तारा झाल्या, शेजाऱ्यावर संशय घेऊन झाला. कारण निघालं मेमकॉपी. स्मृतीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेणारं हे जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीतलं अगदी साधं फंक्शन. जोरात चालावं म्हणून कोणीतरी त्याची नक्कल करण्याची दिशा काही प्रोसेसरांवर उलटी केली, म्हणजे पुढून मागे न जाता मागून पुढे. नियमपुस्तकात पूर्वीपासून स्पष्ट लिहिलेलं होतं, की दोन जागा एकमेकींवर चढत असतील तर मेमकॉपी वापरू नका. फ्लॅशने नेमकं तेच केलं होतं, आणि इतकी वर्षं निभावून गेलं होतं. लायब्ररीवाले म्हणाले, नियम तुम्ही मोडलात. लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स त्यावर चांगलेच उखडले. त्यांचा मुद्दा सरळ होता: वापरणाऱ्याला गाणं नीट ऐकू येत नाही, त्याला नियमपुस्तक वाचून दाखवून काय मिळणार? पुढे २०११ मध्ये जीलिबसी २.१४ ने नव्या मेमकॉपीला वेगळा आवृत्ती-शिक्का दिला. जुने प्रोग्रॅम जुन्या चालीने, नवे नव्या चालीने. एकत्र कुटुंबात सासऱ्यांना वेगळा चहा करतात तसा हा तह झाला, आणि आजतागायत टिकून आहे.

आता आईच्या त्या जाळीच्या दुसऱ्या बाजूकडे वळलं पाहिजे, म्हणजे बदल केला तर सांगायला नको का, या प्रश्नाकडे. आणि इथे ओजिमात राहण्याला काही अर्थ येतो, कारण सांगण्याच्या बाबतीत जपानचा हात धरणारं कोणी नाही.

इमारतीच्या खालच्या फलकावर, लिफ्टमध्ये, टपालपेट्यांजवळ सतत काही ना काही लागलेलं असतं. पाण्याची टाकी धुणार आहेत. कधी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या इमारतींचं पाणी जाईल, धुण्याचं कारण काय, नंतर सुरुवातीला पाणी गढूळ आलं तर काय करावं, चौकशी कोणाकडे करावी, आणि झालेल्या व होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमा. सोबत वाकून नमस्कार करणाऱ्या कामगाराचं चित्र. भारतातून नव्याने आलेला माणूस हा कागद पाहून घाबरतो. एवढं लिहिलंय म्हणजे किमान भूकंपाचा इशारा असणार! फोनने भाषांतर करून पाहतो तर मंगळवारी दोन तास नळाला पाणी नाही, इतकंच.

याचा कळस १४ नोव्हेंबर २०१७ ला झाला. त्सुकुबा एक्स्प्रेसची गाडी मिनामी-नागारेयामा स्टेशनातून सकाळी ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांनी सुटायची, ती ४४ मिनिटं २० सेकंदांनी सुटली. उशिरा नाही, लवकर. वीस सेकंद. एकाही प्रवाशाची तक्रार नव्हती, पुढची गाडी चार मिनिटांत होती. तरीही कंपनीने जाहीर निवेदन काढलं. काय झालं, कुठे झालं, वेळापत्रक नीट न पाहता गाडीवरच्या कर्मचाऱ्याने गाडी सोडली म्हणून झालं, पुन्हा होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांना काय बजावलं, आणि माफ करा. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी हसत हसत छापली. मुंबईकरांनी ती वाचली, आणि आपली लोकल वीस सेकंद इकडेतिकडे झाली हे मोजणार कोण, या विचाराने त्यांना भोवळ आली.

अशा देशात राहणारा, रोज असे फलक वाचणारा अभियंता संध्याकाळी काम संपवून आपला बदल जमा करतो. त्याने दिवसभर खपून एका लायब्ररीची आवृत्ती बदलली आहे, तीन ठिकाणची जोडणी फिरवली आहे, एक जुनं फंक्शन काढून टाकलं आहे. यंत्र विचारतं, या बदलाबद्दल दोन शब्द लिहा. तो लिहितो: ‘फिक्स’.

हा साहित्यप्रकार जागतिक आहे, यात मराठी माणसाला वेगळं काढण्याचं कारण नाही. ‘फिक्स’नंतर ‘फिक्स २’ येतं, मग ‘फायनल फिक्स’, मग ‘फायनल फिक्स खरंच’. काही जण नुसतं टिंब देतात. काही जण ‘साहेबांनी सांगितल्याप्रमाणे’ लिहितात, त्यात निदान वडीलधाऱ्यांचा मान राखला जातो. आणि प्रतिष्ठित, अनुभवी माणसं लिहितात ‘किरकोळ बदल’. मोठे अपघात झाल्यावर मागे जाऊन पाहिलं की हेच दोन शब्द वारंवार भेटतात. मोठा बदल आहे असं म्हटलं तर चार जण तपासायला येतात. किरकोळ म्हटलं की येत नाहीत, आणि सात वाजून दहाची गाडी मिळते.

जपानी कार्यालयात मात्र यावर जुना इलाज आहे, आणि तो पाहून मराठी अभियंता पहिले सहा महिने थक्क असतो. अहवाल द्या, कळवा, विचारा, या तीन गोष्टींना मिळून ‘होरेन्सो’ म्हणतात, आणि नव्या माणसाला ते जेवणाआधी प्रार्थनेसारखं शिकवलं जातं. बदल करायचा तर एक्सेल उघडायचं. त्या एक्सेलच्या सगळ्या चौकटी बारीक चौकोनी केलेल्या असतात, आलेखाच्या कागदासारख्या, आणि त्यांत अक्षरं मांडलेली असतात. आकडेमोड हा एक्सेलचा हेतू असावा असा संशयही येऊ नये. चाचणी केल्याचा पुरावा म्हणून पडद्यांची छायाचित्रं एकाखाली एक डकवायची. पहिल्या पडद्यावर बटण दाबण्याआधी, दुसऱ्यावर दाबल्यानंतर, तिसऱ्यावर काहीच फरक नाही हे दाखवणारं. शिवाय कोडमध्येही इतिहास ठेवायचा. बदललेल्या ओळी पुसायच्या नाहीत, त्या टिप्पणी करून झाकायच्या आणि वर-खाली लिहायचं: अमुक तारीख, अमुक आडनाव, बदल सुरू. बदल समाप्त. अशी पंधरा-वीस वर्षं चाललेली फाइल उघडली की चालणारा कोड शोधावा लागतो. बाकी सगळं वंशावळ.

आता गंमत अशी, की या वंशावळीत कोणी बदललं ते आहे, कधी बदललं ते आहे, आधी काय होतं तेही आहे. का बदललं, हे नाही. टाकी का धुतोय हे सांगणारा देश कोड का धुतला हे सांगत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते इथे ‘फिक्स’ आणि एक्सेल सख्खे भाऊ आहेत. एक आळशी निघाला, दुसरा कष्टाळू, पण वडिलांचं नाव दोघांनाही सांगता येत नाही.

याबाबतीत सर्वांत कडक मास्तर पुन्हा जपानीच आहे. गिट हे बदलांच्या नोंदी ठेवणारं साधन टॉर्वाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये सुरू केलं आणि त्याच वर्षी जुलैत त्याची सूत्रं जुनिओ हामानो यांच्याकडे दिली. तेव्हापासून ती त्यांच्याच हाती आहेत. गिटमध्येच बदल सुचवायचा असेल तर त्या प्रकल्पाचे नियम वाचावेत. आधी काय बिघडलं होतं ते सांगा. तुमचा उपाय त्यावर योग्य का, ते सांगा. आणखी कोणते उपाय डोक्यात आले आणि ते का सोडले, तेही सांगा. पहिली ओळ आटोपशीर ठेवा, मग एक ओळ मोकळी सोडा, मग सविस्तर बोला. आणि वाक्य आज्ञार्थी हवं, जणू तुम्ही कोडला हुकूम सोडताय. मराठीत लिहायचं झालं तर कोडला अरे-तुरे करायचं की अहो-जाहो, हा एक पोटप्रश्न शिल्लक राहतो. वीस वर्षं जुना, दुसऱ्या विभागाचा कोड असेल तर अहो-जाहोच बरं.

पण का बदललं हे प्रामाणिकपणे सांगूनही माणूस कसा फसतो, याचं उदाहरण डेबियन या लिनक्सचं. २००६ मध्ये डेबियनच्या बाजूने ओपनएसएसएल सांभाळणाऱ्यापाशी तपासणीचं एक साधन सारखं कुरकुरत होतं, की अमुक दोन ओळींत तयार नसलेली स्मृती वापरली जातेय. त्याने मूळ लायब्ररीवाल्यांना विचारलं, की या दोन ओळी झाकल्या तर चालतील का. उत्तर आलं ते बिघाड शोधण्यापुरतं विचारतोय असं समजून. त्याने ओळी झाकल्या. त्यांतल्या एका ओळीतून गुप्त किल्ल्यांसाठी लागणारा सगळा यादृच्छिकपणा आत येत होता. आता उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे किल्ल्यांचे जेमतेम ३२ हजार प्रकार. हा घोळ मे २००८ मध्ये उघड झाला, तोपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्या जगभर वाटल्या गेल्या होत्या. लायब्ररी सामायिक असण्याचा हा दुसरा पैलू: ओळी झाकल्या एका जागी, आणि कुलपं उघडी पडली त्या लायब्ररीवर विसंबलेल्या सगळ्यांची. उलट एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही चूक सापडली तेव्हा तीच गोष्ट कामी आली. एक लायब्ररी बदलून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले, की ती वापरणारे सगळे एकदम सुधारले. ती चूक कोडमध्ये शिरली होती २०११ च्या ३१ डिसेंबरला, रात्री अकराच्या सुमारास. नववर्षाच्या स्वागताला अजून तासभर होता.

आणि मग २०२४. एक्सझी नावाचं फाइल आवळून लहान करणारं साधन, त्याची लायब्ररी लिबएलझेडएमए. फिनलंडमधला एक गृहस्थ ती फावल्या वेळात, फुकट, थकलेल्या मनाने सांभाळत होता. ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी मदतीला आलं. दोन वर्षांहून अधिक काळ नीट काम केलं, विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या. त्या वर्षी फेब्रुवारीत ५.६.० ही आवृत्ती आली आणि तिच्या पोटात चोरदरवाजा होता. दूरच्या संगणकात शिरण्याचं एसएसएच हे द्वार मुळात ही लायब्ररी वापरतच नाही. पण काही लिनक्सवाल्यांनी एसएसएचला सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची लायब्ररी जोडली होती, आणि सिस्टिमडीच्या लायब्ररीला ही. व्याह्याच्या मेव्हण्याच्या ओळखीने चोर मुख्य दिवाणखान्यात येऊन बसला.

हा दरवाजा चाचणीच्या फाइलींमध्ये दडवलेला होता. पुढच्या महिन्यात त्या फाइली बदलायची वेळ आली तेव्हा जिया टॅनने ‘फिक्स’ लिहिलं नाही, ‘किरकोळ बदल’ही लिहिलं नाही. व्यवस्थित कारण दिलं: आधीच्या फाइली माझ्या मशीनवरच्या यादृच्छिक आकड्यांनी बनल्या होत्या. पुढे कोणालाही त्या तशाच पुन्हा बनवता याव्यात म्हणून आता ठरावीक आकडा वापरून नव्याने केल्या आहेत. हामानोंच्या नियमांना धरून, विनयशील, पटणारं. आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत थाप.

ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड यांनी, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याने. सुरक्षा हे त्यांचं क्षेत्रही नव्हतं. एसएसएचने आत शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. त्यांनी ते मोजलं, पाठपुरावा केला, आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. वीस सेकंदांबद्दल माफी मागणाऱ्या त्सुकुबा एक्स्प्रेसला हा माणूस आवडला असता. नव्या आवृत्त्या आधी चाखून पाहणाऱ्या काही मोजक्या लिनक्सपर्यंतच ते विष पोचलं होतं. साफ केलेली ५.६.२ ही आवृत्ती २९ मे रोजी आली.

तेव्हा ओजिमातल्या आणि इतरत्रच्या वाचकांना विनंती एवढीच: ‘फिक्स’ लिहिणाऱ्या सहकाऱ्याला जरूर फैलावर घ्या. पण एखाद्याची नोंद फारच सुरेख लिहिलेली दिसली, तर तिच्यावर खूश होण्याआधी सोबतचा कोडही उघडून बघा.